सात नंबरचं उत्तर

१

सकाळी साडेसातला, ऑफिसात कुणी यायच्या आत, मी कॉम्प्युटरांची हजेरी घ्यायचे.

हे एकोणीसशे नव्व्याण्णव सालचं सांगतेय. नेग्रोस बेटाच्या उत्तरेला, चारी बाजूंनी उसात बुडालेला आमचा साखर कारखाना होता. त्याचं ऑफिस म्हणजे खांबांवर उभं केलेलं लाकडी घर. खाली कमरेएवढी मोकळी जागा, तिथे कोंबड्या आणि मोडक्या खुर्च्या. वर सहा टेबलं, सहा कॉम्प्युटर आणि त्या सहांना एकामागून एक ओवत गेलेली करंगळीहून बारीक काळी तार. एक टोक माझ्या टेबलाशी, दुसरं वजनकाट्याच्या खिडकीशी. तिथे बसून पासिंगताई, आमच्या भाषेत नांग पासिंग, उसाच्या गाड्यांची वजनं टिपायची.

हजेरी सोपी असायची. काळ्या पडद्यावर एकेकाचा नंबर टाकला की त्याला हाक जायची, आहेस का? तिकडून उत्तर यायचं, आहे. उत्तराला किती वेळ लागला तेही पुढे उमटायचं, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. आमच्या सहाही जणांपुढे कायम एकच लिहिलेलं असे: दहापेक्षा कमी. म्हणजे घरातलाच.

आता मी बाकोलोद शहरात मोठ्या कंपनीचं नेटवर्क सांभाळते. तार कुठे दिसत नाही, भिंतीत असते किंवा नसतेच. कुठे काही बिघडलं तर पडद्यावरच लाल ठिपका लागतो. तेव्हा बिघाड शोधायचा म्हणजे गुडघ्यांवर रांगायचं, टेबलाखाली डोकं आपटून घ्यायचं, आणि बाहेर आलं की नांग पासिंग थर्मासमधली कॉफी आणि गुळाचं सारण भरलेली गरम पियाया हातात ठेवायची. "खा, इंदाय. उंदरासारखी धुळीनं माखलीस," असं म्हणायची. आमच्याकडे पोरीला लाडाने इंदाय म्हणतात. ओल्या लाकडाला लागलेला काकवीचा वास, प्रिंटरची ती करकर, दर पाळीला होणारा भोंगा. मला त्या घराची अजून स्वप्नं पडतात. बहुतेक चांगलीच असतात.

जानेवारीतल्या एका सोमवारी हजेरी घेता घेता फोन वाजला. फोनकडे बघत मी सहाच्या जागी सात दाबलं. सात नंबर आमच्याकडे नव्हताच. नसलेल्या नंबराला हाक मारली की थोडा वेळ थांबून पडद्यावर येतं, उत्तर नाही.

फोन ठेवून मी पडद्याकडे पाहिलं.

आहे, असं उत्तर आलं होतं. पुढे आकडा होता नऊशे चाळीस.

२

नोंग तेबान, म्हणजे तेबानदादा, कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. सत्तावन्न वर्षांचा, चर्चमध्येही मागच्या खिशात पक्कड घेऊन बसणारा. मला जे काही येतं ते त्यानेच शिकवलेलं.

"सात नंबर?" तो म्हणाला. "सहा जणांची कटकट कमी पडली का तुला?"

"चेष्टा नको, नोंग. तुम्हीच बघा."

त्याने हाक मारली. उत्तर आलं. नऊशे चाळीस.

"मायला, हा काय चंद्रावरून बोलतोय?"

मी गमतीने कागदावर हिशेब मांडला होता. तारेतून हाक ज्या वेगाने पळते, त्या वेगाने जाऊन परत यायला एवढा वेळ लागायचा तर पृथ्वीला दोन वेढे देऊनही उरेल एवढी तार हवी. आमची ती बारीक तार दोनशे मीटरच्या आतच दम टाकते.

"दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रात गोंधळ आहे," मी म्हटलं. "कार्ड बिघडलं की असं काहीबाही दाखवतं."

"मग टोकापासून सुरू करू."

या तारेचा एक नियम होता. दोन्ही टोकांना टोपी लागायची. बोटाच्या पेराएवढं धातूचं झाकण असायचं ते. टोपी नसली की हाक टोकावर आपटून माघारी येते आणि तिच्या गोंगाटात सगळेच मुके होतात. माझ्या टेबलाखालची टोपी जागेवर होती. आम्ही काट्याच्या खिडकीशी गेलो. नोंग तेबान वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

टोपीच्या जागी तार लावलेली होती. आमच्याच तारेसारखी काळी, नीट दाबून बसवलेली. ती भिंतीच्या कडेने जाऊन फळ्यांमधल्या भोकातून खाली उतरत होती.

"हे कुणी केलं?"

"तूच ना?" नांग पासिंग खिडकीतून मान वळवून म्हणाली. "पावसाळ्यात इथेच रांगत होतास की. माझा चहा सांडलास वर."

"मी टोपी लावली होती, पासिंग. तार नव्हती लावली."

"मग भुताने लावली असेल. बाजूला हो, गाडी आली."

त्याने ती तार सोडवली आणि खिशातली नवी टोपी बसवली. लावण्याआधी मीटरवर तपासलेली, ठणठणीत टोपी. त्या क्षणी प्रिंटर ओळीच्या मध्यावर थांबला. सहाही पडदे गोठले. बाहेर काट्यावर उसाच्या अकरा गाड्या उभ्या होत्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. "झोपलात का रे आतमध्ये?" कुणीतरी ओरडलं. नोंग तेबानने दुसरी टोपी लावून पाहिली, तिसरी लावून पाहिली. शेवटी नाइलाजाने ती तार परत जोडली.

प्रिंटरने राहिलेली ओळ पुरी केली.

"म्हणजे या तारेच्या पलीकडच्या टोकाला टोपी आहे," तो हळू म्हणाला. "त्याशिवाय हे चालणारच नाही."

"पलीकडचं टोक कुठे आहे?"

"रविवारी बघू."

गाळप चालू असताना प्रत्येक बिघाड रविवारवर ढकलायची आमची सवय होती.

३

मंगळवारी सात नंबरने नऊशे दहा दाखवले. बुधवारी आठशे पंचवीस. गुरुवारी सहाशे नव्वद.

मी कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे लिहीत होते. स्वतःला समजावत होते की कार्ड तापलं असेल, व्होल्टेज कमीजास्त होत असेल. पण बिघडलेलं यंत्र वेडंवाकडं वागतं, आज पुढे, उद्या मागे. हा आकडा एकदाही वाढत नव्हता.

"आज किती?" नांग पासिंगने गुरुवारी विचारलं. कॉफी ओतता ओतता, सहज.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तेबान बोलला. किती?"

"सहाशे नव्वद."

ती मान हलवून कॉफी ओतत राहिली. कप भरून बशीत सांडायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

तिचा मुलगा तिको बोटीवर होता. इंजिनखान्यात तेलपाणी बघायचा. ब्याण्णवच्या हिवाळ्यात वर उत्तरेच्या समुद्रात ती बोट बेपत्ता झाली. बावीस माणसं होती. ना फळी मिळाली, ना एखादं जाकीट. नांग पासिंगकडे कंपनीचं एक पत्र होतं आणि त्यात 'संपर्क होऊ शकला नाही' असं लिहिलेलं होतं. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे.

"नांग," मी म्हटलं, "हा मशीनचा दोष आहे. दुसरं काही नाही."

"मी कुठे काय म्हणाले?" तिने फडक्याने बशी पुसली. "पण मला एवढं सांग. घराकडे निघालेल्याचंच अंतर असं रोज कमी होतं ना?"

तिने दोन्ही तळहातांना रुमाल गुंडाळले होते. भाजलं असेल असं समजून मी विचारलंही नाही.

४

रविवारी दुपारी ऑफिस बंद होतं. नोंग तेबान आणि मी टॉर्च घेऊन घराखाली शिरलो.

भोकातून उतरलेली तार एका खांबापाशी आली होती आणि तिथे तिचं वेटोळं होतं. मोठं, गाडीच्या चाकाएवढं, एकावर एक फेरे अगदी नीट बसवलेले. ओढलेली तार कुणी गुंडाळून ठेवतं तसं. वेटोळ्याखालून तार पुढे निघून मागच्या कुंपणाखालून उसात गेली होती. तो तुकडा कारखान्याच्याच जमिनीचा, शेवटी तोडायचा म्हणून राखलेला.

"इथे कुणी एवढी तार आणून टाकली?" मी विचारलं.

"माझ्या कोठारातली नाही. माझ्या कोठारात एवढी तार असती तर मी विकून दारू प्यालो असतो."

आम्ही उसात शिरलो. दोन सऱ्यांच्या मधून तार सरळ गेली होती. पानं गालांना कापत होती आणि वारा मुळीच नव्हता. नोंग तेबान पहिली शंभर पावलं बडबडत होता. बायको कशी वाट बघत असेल, रविवारच्या कोंबडीची तंगडी आता कुणाच्या पानात गेली असेल. दोनशे पावलांवर मागे वळून पाहिलं तर ऑफिसचं छप्पर दिसेनासं झालं होतं आणि तार पुढे चाललीच होती.

तो वाकून तारेला हात लावायला गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.

"काय झालं?"

"बघ तू."

तार हलत होती. आमच्या पावलांशेजारून ती संथपणे सरकत होती, थोडी जायची, थांबायची, पुन्हा थोडी जायची. ऑफिसच्या दिशेने. एखाद्याने एका हातामागून दुसरा हात टाकत ओढावी तशी. पुढच्या उसातून येणारी तार ओली होती, तिला काळसर शेवाळ चिकटलं होतं. नोंग तेबानने बोटाने ते पुसलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

"मीठ."

तिथून समुद्र एकोणीस किलोमीटरवर होता.

आम्ही पळत नाही आलो, पण चालत आलो असंही म्हणता येणार नाही. घराखाली कुणी नव्हतं. वेटोळं मघापेक्षा मोठं झालं होतं आणि वरचे फेरे ठिबकत होते. खांबाशेजारी मातीत चपलांचे ठसे होते, लहान, बाईच्या पायाचे. ते आम्ही दोघांनीही पाहिले.

"उद्या कापतो," नोंग तेबान म्हणाला. "साहेबांना सांगून कापतो. ऑफिस दोन दिवस बंद राहिलं तर राहू दे."

त्याने आपली पक्कड मला दिली. "ठेव तुझ्या ड्रॉवरमध्ये. माझ्या खिशात असली तर मी आत्ताच कापीन."

५

सोमवारी सकाळच्या हजेरीला आकडा होता साठ.

दहा वाजता बॉयलरची मोटर जळाली आणि नोंग तेबान तिकडे अडकला. बारा वाजता भोंगा झाला, सगळे जेवायला गेले. मी डबा उघडला नाही. पुन्हा हाक मारली. बत्तीस. परत मारली. एकवीस.

तेव्हा पायांखालून आवाज ऐकू आला. काहीतरी घासत होतं, थांबत होतं. आणि त्यामागे कुणाचा तरी धापा टाकण्याचा आवाज. मी काट्याच्या खिडकीकडे पाहिलं. नांग पासिंगची खुर्ची रिकामी होती. तिचा डबाही तसाच होता, न उघडलेला.

मी शेवटची एकदा हाक मारली.

आहे. दहापेक्षा कमी.

मी ड्रॉवरमधून पक्कड काढली आणि मागच्या जिन्याने खाली धावले.

ती घराखालून बाहेर, कुंपणापाशी आली होती. भर उन्हात, पाय रोवून, सारं अंग मागे टाकून ती तार ओढत होती. रुमाल सुटून पडले होते आणि तळहात सोलवटून निघाले होते.

"नांग! सोडा ती!"

"आलाय," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हात दे, इंदाय. फार जड झालंय आता. एकटीला झेपत नाही."

"ही तार तुम्ही लावलीत?"

"नाही गं. मला ती दिसली. खिडकीखाली दिसली एक दिवस. ओढली तर आली." ती हसली. इतकी वर्षं तिच्याबरोबर काम करून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. "ओढली की आतून कुणीतरी दोनदा हिसका द्यायचं. तो लहानपणी गळ टाकायचा ना, तेव्हा मासा लागला की मला असंच दोनदा ओढून सांगायचा."

मी काय करणार होते ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी तारेला हात घातला. नांगला सोडवायला, की तिला मदत करायला?

तार कोमट होती. आणि दोनदा हिसका बसला.

मग तार ताणली गेली. तुणतुण्यासारखी. नांग पासिंग अर्धं पाऊल पुढे गेली. मग पूर्ण पाऊल. तिच्या चपला मातीत खरवडत चालल्या. आमच्या मागे खांबापाशी सळसळ व्हायला लागली. मी वळून पाहिलं तर वेटोळ्याचे फेरे एकेक करून सुटत होते आणि तार उसाकडे परत चालली होती. आधी हळू, मग भराभर.

"सोडा, नांग!"

"नाही सोडणार. या खेपेला नाही सोडणार."

समोर शेवटच्या सरीतला ऊस दोन्हीकडे वाकला. वारा नव्हता. पानांच्या मध्ये सावली होती आणि सावलीत, जमिनीपासून हातभर वर, तारेवर एक हात होता. पांढुरका, फुगलेला. तारेला घट्ट धरलेला. त्याच्यामागे दुसरा हात होता. त्याच्यामागे तिसरा. दोरखंड ओढायला माणसं ओळीने उभी राहतात तसे एकामागे एक हात, आत, जिथवर उसात दिसत होतं तिथवर. आणि ते सगळे एका ठेक्यात मागे जात होते.

नांग पासिंगचा चेहरा कुंपणाला टेकला होता. तिला तिथून काही दिसत नव्हतं.

मी कापली.

तार कापल्याचा आवाज झाला नाही. तुटलेलं टोक जिभेसारखं उसात शिरलं आणि पानं सरळ झाली. दूरवर, आत, काहीतरी बराच वेळ सरपटत लांब लांब गेल्यासारखं ऐकू येत राहिलं. मग एकचा भोंगा झाला.

६

नोंग तेबानने संध्याकाळी टोपी बसवली. नेटवर्क पहिल्या झटक्यात चालू झालं. उरलेली तार त्याने बॉयलरमध्ये टाकली, आणि नंतर तो मरेपर्यंत आम्ही दोघांनी या गोष्टीचा एक शब्द काढला नाही. सात नंबरला मी पुन्हा कधी हाक मारली नाही. आज कुठल्याही नेटवर्कवर मी सातवा नंबर कुणाला देत नाही. हाताखालची पोरं हसतात, हसू देत.

नांग पासिंग पंधरा दिवस रजेवर होती. परत आली ती तशीच, थर्मास घेऊन. पियायाही द्यायची. फक्त आज किती, असं कधी विचारलं नाही.

चार वर्षांनी कारखाना बंद पडला. लाकडी घर कुणीतरी फळ्या फळ्या करून नेलं. मी बाकोलोदला आले. नांग पासिंग कादिसला बहिणीकडे राहायला गेली, अगदी किनाऱ्यावर. दोन हजार सहा साली एकदा मी तिला भेटायला गेले. ती खूप वाळली होती. तिने माझ्यासाठी मासे तळले होते आणि आम्ही खिडकीशी बसून ऑफिसच्या गप्पा मारल्या. तेबानची पक्कड, प्रिंटरची करकर, टेबलाखाली अडकलेलं माझं डोकं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ती अचानक थांबली.

"एक विचारू, इंदाय? त्या दिवशी तू पाहिलंस. मला दिसलं नाही. तिको एकटाच होता का गं?"

खोटं बोलायला वेळ होता. पण सात वर्षं तिने हा प्रश्न माझ्यासाठी राखून ठेवला होता, आणि मला खोटं बोलवेना.

"नाही, नांग," मी म्हटलं. "पुष्कळ जण होते."

तिचे खांदे सैल पडले. तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"बरं झालं बाई. लहान असताना मागच्या अंगणात जायचं म्हटलं तरी त्याला कुणीतरी बरोबर लागायचं. मला तीच काळजी होती."

तिने माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला, त्यावर लिंबू पिळलं. खिडकीबाहेर भरती लागत होती.

"तू उगाच घाबरून कापलीस बघ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "एवढे सगळे होते, तर मग मलाही सोबतच झाली असती."